खंडोबाच्या किड्यांची एकादशी

मंडळी, टाळ घटकाभर मांडीवर ठेवा आणि मला एक सांगा. एखाद्या घरात गोडी आहे, हे ओळखायचं कशावरून? भांडणाचा आवाज येत नाही यावरून? सगळे मान खाली घालून जेवतात यावरून? ते बघा, खांबाला टेकलेले तात्या मान हलवतायत. तात्या, तुमच्या घरातून आवाज येत नाही, कारण तुम्हाला ऐकू येत नाही!

हसा, हसा. पण प्रश्न विसरू नका.

झेंडूच्या मळ्यांचं एक गाव. तिथं अनशाबाई बनकर नावाची एक म्हातारी. नवरा देवाघरी गेलेला, दोन मुलगे मळ्यात राबणारे, दोन सुना घरात — थोरली मंदा, धाकटी शैला. अनशाबाई मनानं सरळ, देवाधर्माची. पण एका गोष्टीत हट्टी. आजूबाजूच्या घरांत भाऊ-भाऊ वेगळे झालेले तिनं पाहिले होते. तिनं देवापुढं सांगून टाकलं होतं, माझ्या डोळ्यांदेखत माझ्या घरात दुसरी चूल मांडली जाणार नाही. गॅस आला तरी आपण चूलच म्हणतो, नाही का?

आणि नेमकं त्या चुलीपाशीच रोज वाजायचं. साखर कुणी जास्त घेतली? तेल कुणी संपवलं? माझ्या माहेरचं माणूस आलं तेव्हा चहा पाणचट का झाला? मंदा पातेलं आपटायची, शैला झाकण आपटायची. मृदंगवाले बुवा, तुम्हाला ठेका लागतो. त्या घरात बिनठेक्याचं भजन चालायचं!

अनशाबाईला वाटे, सुना वाईट नाहीत, त्यांना उपदेश कमी पडतोय. आणि उपदेशाला तिला गुरू सापडले. कुठं? झेंडूच्या झुडपात.

खंडोबाचा किडा पाहिलाय ना तुम्ही? हिरवागार, बोटभर लांब, तिकोनी तोंड, इवलीशी मान. पुढचे दोन पाय जोडून असा बसतो, की वाटावं आता आरती सुरू करतोय. असे दोन किडे अनशाबाईनं पदरात धरून घरी आणले. दुधाचं जुनं जाळीचं कपाट ओसरीवर रिकामं होतं. त्यात तिनं झेंडूच्या फांद्या उभ्या केल्या आणि दोघांना आत सोडलं. एक वरच्या फांदीवर गेला, दुसरा खालच्या. बसले हात जोडून.

मळ्यातला जाणता गडी म्हणाला, आजी, ही जात आपल्याच जातीला खाते, एकत्र ठेवू नका. अनशाबाई त्याला म्हणाली, की देवाचा किडा आहे, तुझ्यासारखा नाही. आणि खरंच, दिवसामागून दिवस गेले, दोघं सुखानं नांदले. मग काय! सुना भांडल्या की बाई दोघींना कपाटापुढं उभं करायची. बघा म्हणायची, मुके जीव, एका घरात राहतात, कधी पातेलं आपटतात का?

गावानं त्या किड्यांना नावं ठेवली. वरची थोरली, खालची धाकटी. लोक वाटेनं जाताना विचारायचे, काय अनशाबाई, थोरली-धाकटी ठीक ना? आणि आत मंदा-शैला दात खायच्या.

पण त्या नांदत होत्या कशा, ते कुणी पाहिलं? सकाळी अनशाबाई गोठ्यातल्या माशा धरून आत सोडायची. दुपारी मंदा भाजी निवडताना सापडलेली अळी टाकायची. संध्याकाळी शैला दिव्यावर आलेले पतंग सोडायची. या तिघींपैकी एकीचं दुसरीला माहीत नाही! किडे असे गुबगुबीत झाले होते, की फांदी वाकायची.

मग आली एकादशी.

अनशाबाईनं आदल्या दिवशी फर्मान काढलं. देवाचे किडे आहेत, देवाचा दिवस पाळतील. कपाटात माशी काय, मुंगीसुद्धा जायची नाही. झेंडूच्या फांद्या सुकल्या होत्या, त्या काढून तिनं कपाट स्वच्छ पुसलं आणि मधोमध तुळशीची एकच काडी उभी केली. दोघांनी एका तुळशीपाशी बसावं! आणि उपासाला चालतं म्हणून काय ठेवलं असेल? साबुदाण्याची खिचडी. वर केळ्याचा काप.

मंडळी, किड्यानं साबुदाण्याकडं पाहिलं. मग केळ्याकडं पाहिलं. मग बहिणीकडं पाहिलं.

द्वादशीला अनशाबाई पारण्याची माशी घेऊन गेली, तर कपाटात एकच किडा. तुळशीच्या काडीवर. पोट टम्म. हात जोडलेले.

बाईनं आधी सुनांवर आळ घेतला. कुणी दार उघडलं? कुणाला माझ्या देवाच्या जिवाचं सुख बघवलं नाही? मंदा म्हणते मी नाही, शैला म्हणते मी नाही. मग बाईनं वाकून पाहिलं. खिचडीच्या वाटीत एक हिरवा पंख पडला होता.

बातमी गावभर गेली. जो येईल तो एकच विचारी — थोरली उरली की धाकटी? कोण सांगणार! मंदाच्या बाजूच्या बायका म्हणाल्या, थोरली असणार, चेहऱ्यावर समज आहे. शैलाच्या बाजूच्या म्हणाल्या, धाकटीच, डोळे पाणीदार आहेत. ओसरीवर दोन तट पडले. किडा मधोमध बसून ढेकर देत होता.

लोक पांगले. अनशाबाई कपाटापुढं बसून राहिली. तिचा एक गुरू दुसऱ्या गुरूला खाऊन बसला होता. आता सुनांना काय दाखवणार?

तेव्हा मंदा जवळ आली. ती हळू बोलली, "आत्याबाई, त्या वाईट नव्हत्या. मी रोज अळी घालत होते."

शैलाही म्हणाली की ती पतंग सोडायची. दोघी जावा एकमेकींकडं बघायला लागल्या. इतके दिवस दोघी एकाच कपाटात चारा घालत होत्या आणि एकमेकींना बोलल्या नव्हत्या!

अनशाबाई म्हणाली, "म्हणजे त्या भुकेपायी भांडल्या. मग तुम्ही कशापायी भांडता गं? तुम्हाला काय मी उपाशी ठेवते?"

शैलानं मान वर केली.

"उपाशी नाही ठेवत, आत्याबाई. मोजून ठेवता."

मंडळी, कोठीची किल्ली अनशाबाईच्या कमरेला होती. साखर ती काढून देणार, तेल ती काढून देणार, आणि तेवढ्यात दोघींनी भागवायचं. दोघींनी ओट्यापाशी एकमेकींच्या कोपराला कोपर लावून उभं राहायचं. बाईला वाटायचं, मी घर राखते. ती एक तुळशीची काडी राखत होती.

अनशाबाईनं कमरेची किल्ली सोडली आणि कोठीच्या दारालाच लावून ठेवली. म्हणाली, मागच्या पडवीत दुसरी शेगडी मांडा.

भांडण हवं होतं मंदाला. घर फुटायला नको होतं. तिनं विचारलं, "म्हणजे आम्ही वेगळं निघायचं?"

"वेगळं नाही गं," अनशाबाई म्हणाली. "जरा ऐसपैस."

देवापुढं दिलेला शब्द तिनं स्वतः मोडला. त्यासाठी देवाला नारळ फोडून माफी मागितली. देव काय म्हणाला असेल? म्हणाला असेल, बाई, उशीर केलास!

मग घर मोडलं का? अहो, उलट झालं. मंदानं वांग्याचं भरीत केलं की वाटीभर पडवीत जाई. शैलानं पुरणपोळी केली की पहिली ओट्यावर येई. एका चुलीवर जी वाटी ओढली जायची, ती दोन चुलींवर फिरायला लागली. आणि अनशाबाई? दोन्हीकडून आग्रह! बाईची चोळी उसवली. उरलेला किडा तिनं मळ्यात झेंडूवर नेऊन सोडला आणि त्याला हात न जोडता परत आली.

तर मंडळी, आपल्या घरात दोन माणसं भांडली की आपण काय करतो? शहाणपण सांगतो, दाखले देतो, शेजारच्याची सून दाखवतो. त्यांच्या ताटात काय पडलं आणि उभं राहायला जागा किती आहे, ते कोण बघतो? घराची गोडी गप्प बसण्यावरून ओळखू नका. घरात दुसऱ्यांदा मागायला कुणाची जीभ अडखळते का, ते बघा.

आता आरती, आणि मग पंगत. वाढपी मंडळी, जरा इकडं लक्ष द्या. मागच्या वेळी पुढच्या ओळीतल्या पाहुण्यांना बुंदी तीन-तीनदा गेली आणि मागं बायकांच्या ओळीत नुसता भात पोचला. आज टोपलं मागून सुरू करा.