खालच्या वावराची वाट

बसा, बसा. वैनी, तुम्ही बसा. माझ्यासाठी उठू नका.

गावकरी मंडळी, शाळेतले सर लोक, बाहेरगावाहून आलेले सरांचे विद्यार्थी. सरांच्या शोकसभेत मला बोलाया कुणी सांगितलं न्हाई. यादीत माझं नाव न्हाई, मी वाकून बघितली यादी. अन मी उठलो तशा मागच्या दोन ओळी कुजबुजल्या, तेबी ऐकलं. पण आज बोलू द्या.

ज्यांना माहीत न्हाई त्यांना सांगतो. मी रंगनाथ, सोनटक्के सरांचा बांधाला बांध. वरचं वावर माझं, खालचं त्यांचं. त्याच्या खाली नाला, अन नाला जातो गोदावरीला, आपल्या गंगेला. सरांच्या वावरात गाडी न्यायची तर वाट एकच, माझ्या बांधावरून.

मी संशयी माणूस हाये. लपवत न्हाई. दुकानदारानं मापात मूठभर जास्त टाकलं तरी मी पिशवीत हात घालून बघतो, का टाकलं? आमची माय म्हणायची, ह्यो स्वतःच्या सावलीलाबी गाव विचारीन.

सर रिटायर झाल्यावर एकदा गंगेचं तोंड बघायला गेल्ते. पार आंध्रात, समुद्राजवळ. सगळी हयात भूगोल शिकवला, पण बघितला न्हवता म्हणून. आले अन महिनाभर दुसरं बोलणंच न्हाई. बांधावर बसून मला सांगायचे. "रंगनाथराव, नदी तिथं पंख्यासारखी फुटते. पाणी संथ होतं अन वाहून आणलेला गाळ खाली ठेवतं. त्या गाळावर वर्षाला भाताची दोन पिकं. नारळ, केळी, मासळीची तळी. गावागणिक तांदळाची गिरणी. अन गाळ कुणाचा? थोडा तुमच्या वावराचा."

मी म्हणलं, सर, मधी एवढी धरणं, तिथं अडकत न्हाई का?

"अडकतो. बराच अडकतो. पण धरणं कालची हो, नदी जुनी."

मंग माझ्या डोक्यात किडा शिरला. मी म्हणलं, म्हणजे दर पावसाळ्यात माझी माती तुमच्या वावरात येती! तुमची तूर डोक्याएवढी, माझी कमरेला. सर, चोरीच झाली की ही!

दुसरा असता तर अंगावर आला असता. सर हसले. म्हणले, "बराबर. मी तुमचा त्रिभुज प्रदेश."

अन पुढच्या उन्हाळ्यात काय केलं या माणसानं? नाल्याकाठचा गाळ ट्रॉलीत भरून माझ्या वावरात आणून टाकू लागले. फुकट. सगळा खर्चा त्यांचा. वैनी, तुम्हाला ठाऊक हाये.

आता तुम्हीच सांगा, फुकट कोण देतं? मी गाळ मुठीत घेऊन चाळला. तण माजवणाऱ्या लव्हाळ्याच्या गाठी तर न्हाई ना ह्याच्यात? न्हाई निघाल्या. मंग तर जास्तच संशय आला. चार उन्हाळे ट्रॉली येऊन राह्यली अन चार उन्हाळे मी विचार करून राह्यलो. शेवटी मला उमगलं. म्हणजे उमगलं असं वाटलं. ट्रॉलीची चाकोरी! दर साल चाकोरी पडती. उद्या सर तहसीलला अर्ज देतील, वहिवाट हाये म्हणून, अन माझा बांध गेला! दोन वर्षांखाली मी त्या वाटंवर आडवा चर खांदला. कमरेएवढा. वर बोराटीचे काटे टाकले.

सर आले. चर बघितला. म्हणले, "रंगनाथराव, एक सांगायचं राहिलं. तिथं नुसत्या गाळानं सुबत्ता आली नाही. गाळ होता तेव्हाही दुष्काळ पडायचा. मंग बंधारा झाला, कालवे झाले. पाणी एकाच्या वावरातून दुसऱ्याच्या वावरात जाऊ लागलं. लोकांनी वाट दिली."

मी म्हणलं, टोमणा मारून राह्यले का मला?

"नाही हो. धडा अर्धाच झाला होता."

अन नाल्याच्या कडेनं चालत गेले. दोन वर्षं तसेच चालत गेले, या वयात, काट्याकुट्यातून. अर्ज? मी तहसीलला जाऊन दोनदा चौकशी केली. बिलकुल काही न्हाई.

आता त्या दुपारचं सांगतो. तुम्हाला सगळं ठाऊक हाये, पण माझ्या तोंडून ऐका. सर वावरात छाती धरून खाली बसले. पहिल्यांदा मीच बघितलं, मीच बोंब मारली. गावातून जीप जल्दी आली. आली अन चरापाशी थांबली. माझ्या चरापाशी. बोराटी ओढली, पण कमरेएवढ्या चरातून जीप जाती का? मंग सरांना बाजंवर घेतलं अन चौघांनी नाल्याच्या कडेनं वळसा घातला. एक कोपरा माझ्या खांद्यावर होता. वर आलो, बांधाशी पोचलो, तर सरांनी डोळे उघडले. मला म्हणले, "पाय जपा, पुढं चर आहे."

दवाखान्यात मी डॉक्टरला विचारलं, साहेब, थोडं आधी आणलं असतं तर? ते म्हणले, काका, असं काही सांगता येत न्हाई. मला डॉक्टरचाबी संशय आला. माझं तोंड बघून खरं झाकलं त्यांनी.

बघा, तुम्ही सगळे माझ्याकडं बघून राह्यले. बघा. मी जल्मभर तुमच्याकडं असंच बघितलं. तुमच्या मनात जो संशय हाये तोच माझ्याबी मनात हाये, माझ्याचबद्दल. तो खरा का खोटा, आता कुणाला विचारू? धडा समजला न्हाई तर सरांना विचारायचो. सर न्हाईत.

वैनी, काल चर बुजवून संपला. दोन दिवस लागले, खोऱ्यानं एकट्यानंच बुजवला. अन हा कागद. वाट लिहून दिली, सही केली. जल्मात मी कुणाला कागद लिहून दिला न्हाई. घेऊ नका लगेच. आधी वाचा, वकिलाला दाखवा. माझ्यावर भरवसा ठेवू नका. पण उन्हाळ्यात ट्रॉली येऊ द्या. या साली भाडं माझं, अन माती इकडून तिकडं न्यायची का तिकडून इकडं, ते तुम्ही सांगायचं.

आता दोन मिनिटं सरांसाठी उभं राहू. मी डोळे मिटून उभा राहणार हाये. कोण माझ्याकडं बघतंय, कोण काय पुटपुटतंय, आज चोरून बघणार न्हाई.

सर, रामराम. मिटले बघा डोळे.