काळ्या झग्यांपुढची बाई

(धुळे, देवपूर. १९८७ साल. एस.टी. डेपोतला कारकून सुकदेव भर दुपारी घरी आला आहे. पिंपळनेरकडच्या गावाहून आलेली त्याची थोरली, विधवा बहीण भागाबाई जमिनीवर पोरांच्या खेळातल्या चित्राचे तुकडे जुळवत बसली आहे.)

भागाबाई : आनि हाई बाईना हात बांधेल शेतस का रे?

सुकदेव : दिसतायत तसे. अक्का, ते राहू दे. मला बोलायचंय.

भागाबाई : बोल ना, मी आयकस. हाऊ तुकडा कोठला व्हई? बठ्ठा काळाच शे.

सुकदेव : झग्याचा असेल. पाद्री आहेत ते. विलायतेतलं फार जुनं चित्र आहे. आमची छकुली मिशनच्या दवाखान्यात होती ना, तिथल्या गोऱ्या नर्सबाईंनी मायदेशी जाताना तिला दिलं.

भागाबाई : बठ्ठा माणसे खुर्चीवर, ती एकटी उभी. काय करेल व्हतं तिनी?

सुकदेव : तिथं चर्चमध्येच खटला चालायचा. ही धर्माविरुद्ध वागली असं कुणी म्हणालं, की आणायचे पाद्र्यांपुढं. कबूल कर म्हणायचे.

भागाबाई : कबूल करं का सोडेत?

सुकदेव : कधी सोडायचे. कधी नाही.

भागाबाई : आनि हाऊ कोपराना माणूस काय लिखी राह्यना?

सुकदेव : ती सांगेल ते.

भागाबाई : ती काहीच नही बोलनी ते?

सुकदेव : कागद कोरा तर ठेवत नसतील. अक्का, झुलाल आलाय.

भागाबाई : मना झुलाल? जेवना का तो?

सुकदेव : डेपोवर आला होता. सरपंचाचा भाऊ आणि तो भगत, दोघं बरोबर. जीप घेऊन आलेत. मी चहा पाजला. झुलाल मान खाली घालून बसला होता.

भागाबाई : त्याले घर काब्र नही लयना?

सुकदेव : येत नाही म्हणाला.

भागाबाई : भ्यास माले. मना पोटना आंडोर माले भ्यास.

सुकदेव : त्याचं अंगावरचं पोरगं गेलंय, अक्का.

भागाबाई : मना बी नातू व्हता तो. जुलाब लागनात तवयच मी म्हनं, पिंपळनेरले दवाखानामा लई चाला. भगतनी राख लाई. सकायले पोऱ्या मना मांडीवर थंडा पडना. मंग त्याच भगतनी सांगं, मांडी कोनी व्हती ते दखा.

सुकदेव : मी सकाळी चौकीवर जाऊन आलो. जमादार म्हणाला, डाकीण म्हटलं एवढंच ना? बाईला कुणी हात लावला तर या. नाहीतर गावातलं गावात मिटवा.

भागाबाई : आनि गाव काय म्हनस?

सुकदेव : उद्या मारुतीपुढं सगळे बसणार आहेत. तू तिथं कबूल करायचं. माझ्या हातून झालं, पुन्हा करणार नाही. डोकं टेकायचं. मग मळ्यातल्या खोलीत तुला राहू देतील.

भागाबाई : मी नही जास ते?

सुकदेव : झुलालला वाळीत टाकतील. त्याच्या शेतात कुणी मजूर जाणार नाही. थोरल्या पोरीचं लग्न ठरलंय, तेही मोडेल.

भागाबाई : झुलाल काय बोलना?

सुकदेव : त्यानं मान डोलावली.

भागाबाई : आनि तू?

सुकदेव : मी म्हटलं, अक्काला विचारतो. तू नाही म्हण, मी त्यांना परत पाठवतो. इथंच राहा माझ्याकडं.

भागाबाई : प्रमिला कवय येई माहेरथीन?

सुकदेव : येईल. तिच्या आईला बरं नाही.

भागाबाई : सुकदेव.

सुकदेव : खरंच बरं नाही.

भागाबाई : मी ऊनू त्या दिनले तिनी छकुलीनं दूध झाकी लिधं. मी देखं. दुसरा दिन पोरले लई निंघी गई. मी तिले नाव नही ठेवत. माय शे ती. तिना जागावर मी बी झाकतू.

सुकदेव : मी बोललो तिला. खूप बोललो. ती म्हणाली, मला पटतं, पण दूध झाकलंच जातं.

भागाबाई : मी आठे ऱ्हायनू ते ती येवाव नही. तुनं घर कसं चालाव?

सुकदेव : आई गेली तेव्हा तू मला वाढवलंस, अक्का. आणि मला एक खोली देता येत नाही तुला.

भागाबाई : रडू नको. जीप कोठे शे?

सुकदेव : डेपोच्या फाटकाशी. अंधाराच्या आत गाव गाठायचं म्हणतात.

भागाबाई : मनं गाठोडं काढ. आनि हाई तुकडा खोकामा भरी ठेव. पोरना खेळ शे, हारपतीन.

सुकदेव : मीही येतो तुझ्याबरोबर.

भागाबाई : ये. पन पहिले माले सांग, तठे कसं बोलानं. असं कधी बोलानी येळच नही ऊनी. मी चुकनू ते झुलालवर येई.

सुकदेव : माझ्या तोंडून नको, अक्का.

भागाबाई : मंग कोना तोंडथीन? भगतना? तू सांग. मी तुना मांगे बोलस.

सुकदेव : म्हण... मी भागाबाई.

भागाबाई : मी भागाबाई.

सुकदेव : माझ्या नातवाला...

भागाबाई : थांबू नको भाऊ. जीप उभी शे.