वरच्या ‘सा’ची जागा

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून, डोळे मिटून बसलेल्या शिंप्याला शेजारच्या मावशी-भाचीचं बोलणं तेवढं स्पष्ट दिसत होतं.

“उद्याच्या कार्यक्रमाला दुसरं कुणी बघ बाई. पेटीवर बोटांना पट्ट्या तरी लागतात. तुझ्या कॉम्प्युटरपुढे नुसते हवेत हात फिरवून वाजवायचं, तर सूर शोधू कुठं? त्यात मला धड दिसत नाही.”

“म्हणून तर सगळे सूर तुझ्या स्वयंपाकघरासारखे मांडलेत, मावशी. अंधारातही हात बरोबर जातो ना तिथं? खालचा सा ओट्यावर.”

“आणि प?”

“मिठाच्या बरणीपाशी.”

“तिथं झोपेतसुद्धा पोचेन मी. वरचा सा काय माळ्यावर टाकलास?”

“काकांच्या कॉलरशी. रोज दारात सरळ करायचीस ना?”

शिंपी आजही शपथेवर सांगतो, तेव्हा भिंतीवरचं घड्याळसुद्धा कान देऊन थांबलं होतं.

“थांब, तुझा हात नेते त्या उंचीवर. सापडली जागा?”

“नाही गं. फार उंच ठेवलीस.”

“तुमच्या लग्नाच्या फोटोवरून अंदाज घेतला मी.”

“वेडी कुठली. शेवटी शेवटी वाकले होते ते. चार बोटं खाली घे, म्हणजे उद्या चुकायची नाही मी.”