खुर्च्यांच्या दुकानातली विक्रेती

कामगार कार्यालयाच्या प्रतीक्षाकक्षात कामगारांचे हक्क काचेच्या चौकटीत टांगलेले होते. निदान काचेला तडा जाणार नाही, एवढी दक्षता शासनाने घेतली होती. त्या चौकटीखाली नणंद-भावजय उभ्या होत्या. फर्निचरच्या दुकानात विक्रेती असलेल्या भावजयीच्या पायांची सूज चपलेच्या पट्ट्यांबाहेर आली होती.

“खुर्च्यांचं दुकान, आणि वहिनी, तुला बसायला एक खुर्ची नाही?”

“मालक म्हणतात, तू बसलीस की खुर्ची जुनी झाली.”

“अगं, पण विक्रेत्यांना बसायची सोय करायचीच, असा कायदा आहे. हा बघ, तुझ्या डोक्यावरच लटकतोय!”

“हळू बोला, वन्सं. मी सांगितलं ना त्यांना. मग एक स्टूल ठेवलं माझ्यासाठी.”

“मग रडतेस कशाला?”

“संध्याकाळी विकलं गेलं.”

“विकलं? कोणी?”

“गिऱ्हाइकाने किंमत विचारली. मीच उठून बांधून दिलं.”

“धन्य आहेस बाई! कपाळ फोडून घेऊ का मी?”

“विकणं हेच तर काम आहे माझं.”

“आणि डॉक्टर काय म्हणाले?”

“असंच उभं राहिलात तर पाय कामातून जातील.”

“मग आज तक्रार ठोकायचीच. साहेब येईपर्यंत टेक जरा, अख्खं बाकडं रिकामं आहे.”

“नको.”

“का? इथे कुठला आलाय तुझा मालक?”

“साहेबांना मी आरामात बसलेली दिसले, तर म्हणतील, हिला त्रास कसला आहे?”