हादग्याच्या फुलातला दांडा

माझी मदतीची हौस एकदा कशी नडली, सांगते. ख्राइस्टचर्चच्या हॉस्पिटलात माझ्याबरोबर मारिसेल नावाची फिलिपिनो नर्स होती. तिकडे तिची आई वारली आणि हिला तिकीट मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्या रविवारी मी तिच्या घरी गेले, तर तिने आईसारखं मुगाचं कालवण करायला घेतलं, हादग्याची फुलं घालून. फुलांचं फ्रोझन पाकीट एकच मिळालेलं.

"दे इकडे, मी निवडते," म्हटलं आणि आपल्या सवयीने प्रत्येक फुलातला कडू दांडा काढून फेकला.

पहिल्याच घासाला तिने चमचा खाली ठेवला.

"कडू लागतंय?" मी विचारलं.

"नाही ना," ती म्हणाली. "आईचं कडूच असायचं. दांडे काढत नाही म्हणून मी भांडायचे तिच्याशी."