दारावर सांगितलेलं

नाही वो मावशी, मारत-बिरत नाहीत आमच्या सासूबाई. कोणी सांगितलं तुम्हाला? कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं ना? त्याला गोळ्या कमी आणि देवपुरातल्या खबरी जास्त विकायच्या असतात. एकदाच, आधीच्या बाईच्या हाताला चावल्या, ते पण तिनं त्यांना ओढत बाथरूममध्ये नेलं म्हणून — तुम्ही ओढू नका, हात धरा नि म्हणा, चला आई, कानबाईच्या दर्शनाला जायचंय, आंघोळ करून घ्या, की स्वतः उठून जातात. बसा ना. चहा संपवा. आत झोपल्यात त्या आत्ता, चारला उठतील, तोवर मी सगळं सांगून ठेवते. सोमवारी मला साक्रीला हजर व्हायचंय — आमच्या ह्यांच्या ऑफिसात, त्यांच्या माघारी, अनुकंपावर. दोन वर्षं चार महिने फाईल फिरली तेव्हा आता ऑर्डर आलीये. सकाळी साडेसातची एसटी, घरी यायला संध्याकाळचे सात. तेवढा वेळ आईंजवळ कोणी पाहिजे. माझ्या नणंदबाई, हेमांगीताई, सुरतला असतात, त्या रविवारी येणारेत. त्यांनी फोनवर सरळ सांगितलंय, पुनम, बाई मिळाली तर ठीक, नाही तर आईला मी घेऊन जाते. आणि मला आईंना पाठवायचं नाही. कुठंच पाठवायचं नाही. म्हणून तुम्ही हो म्हणा, मावशी, पाच घरं फिरून तुमच्यापर्यंत आलेय मी.

विसरतात म्हणजे कसं — सगळंच नाही विसरत. पिंपळनेरला त्यांचं माहेर, तिथल्या गोठ्यातल्या गाईंची नावं विचारा, एका दमात सांगतील, कोणती लाथ मारायची ते पण. कानबाईची गाणी अख्खी पाठ, मी पुस्तकात बघून चुकते, त्या डोळे मिटून चुकत नाहीत. पण आत्ता जेवल्या का, ते नाही. ताट विसळून होत नाही तोवर म्हणतील, 'सकायपासून उपाशी शे मी.' वाद घालायचा नाही. वाटीत मूठभर मुरमुरे द्यायचे, दोन दाणे खातात नि विसरतात. डॉक्टरांनी मला कागदावर डोकं काढून दाखवलं, म्हणाले, जुनं खोल मुरलेलं असतं, ते शेवटी जातं, नवीन आत शिरतच नाही. मी म्हटलं, डॉक्टर, मग माझं काय हो? मी एकोणचाळीस वर्षांची, मला बारा वर्षं संसार केलेल्या माणसाचा आवाज आठवत नाही. ते हसले, म्हणाले, तुम्हाला काही झालेलं नाही. पुढचा पेशंट बोलवला.

हां, एक महत्त्वाचं. योगेंद्र कुठंय असं विचारतील. योगेंद्र म्हणजे हे, त्यांचा मुलगा. दिवसातून दहा वेळा विचारतील, 'मना योगू कोठे गया?' तुम्ही म्हणायचं, साक्रीला गेलेत ड्युटीवर, येतील. बस. गेले म्हणून सांगायचं नाही, कधीच नाही. कारण त्यांना ते दर वेळी पहिल्यांदाच कळतं, मावशी. समजतंय ना तुम्हाला? आपल्याला एकदा कळलं, तेव्हा जे व्हायचं ते झालं, मग दुसऱ्या दिवशी ते कालचं होतं. त्यांचं कालचं होतच नाही. म्हणून साक्रीला गेलेत, एवढंच. आधीच्या बाईला पण मी हेच बजावलं होतं — तर ती मला उलट बोलली, म्हणे, तुम्हीच तर रोज सांगता, चारला.

रोज नाही. ती वाढवून सांगायची. पण हो, सांगते मी. आता तुम्ही घरात राहणार, तुम्हाला दिसणारच, तर माझ्याकडूनच ऐका. त्या उठल्या की जवळ बसते, केस विंचरते आणि सांगते, आई, योगू गेला. मग त्या बघतात माझ्याकडं. आणि मग जे रडतात — 'मना आंडोर गया वं माय', माझा लेक गेला म्हणत — माझ्या गळ्यात पडून, छाती बडवून, तो पहिलीत असताना शाळेतून पळून उसात लपला होता तिथपासून, त्याला वरणात गूळ लागायचा, झोपेत दात खायचा, सगळं एकेक सांगत रडतात. अर्धा तास. मग दमतात, पाणी पितात, आणि म्हणतात, योगू अजून आला नाही का. असं बघू नका माझ्याकडं. मला माहितीये हे वाईट आहे. मी वाईट बाई नाही. तुम्हाला समजायचं नाही असं नाही, तुम्ही पण माणूस गेलेल्या घरी दारावर भेटायला गेला असाल की चार ठिकाणी.

आमच्याकडं तर तेरा दिवस जीपा येत होत्या. पिंपळनेर, नेर, कुसुंबा, सुरत, कुठून कुठून. पुरुष बाहेर मांडवात बसायचे नि बायका रडत-रडत दारातून आत. मला मधे बसवलेलं. प्रत्येक बाई गळ्यात पडून रडायची, डोळे पुसायची, आणि मग विचारायची, कसं झालं वं बाई? मग मी सांगायचं. सुरुवातीपासून. सांगून होतंय तोवर बाहेर दुसरी जीप थांबायची, की परत कसं झालं. पहिल्या दिवशी मला सांगता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी यायला लागलं. पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी त्याच शब्दांत सांगतेय, त्याच ठिकाणी थांबतेय, आणि मी थांबले की बायका रडतायत. दहाव्याला तर मी सांगता सांगता मनात स्वयंपाकाचा हिशेब करत होते, किती पानं वाढायची त्याचा. तेरा दिवस सांगून सांगून तो माणूस झिजवला मी, मावशी. आता डोळे मिटले की ते दिसतच नाहीत, मी सांगितलेलं तेवढं दिसतं. आणि आई त्या तेरा दिवसांत आतल्या खोलीत गोळ्या देऊन झोपवलेल्या. त्यांनी कोणालाच काही सांगितलं नाही. म्हणून त्यांच्याजवळ तो अजून अख्खाच्या अख्खा आहे. मी चारला जाते नि त्यातला थोडा घेऊन येते, असं समजा हवं तर.

कसं झालं? तुम्ही पण विचारलंच ना. सांगते, पाठच आहे मला. बुधवार होता. साक्रीहून मोटरसायकलीवर निघाले तीनला, लवकरच निघाले, छातीत दुखतंय म्हणून सांगितलं ऑफिसात. नेरच्या अलीकडं गाडी बाजूला लावली नि लिंबाखाली बसले. तिथून त्यांनी मला तीन फोन केले — तीन चाळीस, तीन चव्वेचाळीस, तीन एक्कावन्न. मी आणि आई इथं बाहेरच्या खोलीत मेथी निवडत होतो, नि माझा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला, ऐकूच आला नाही. मग टपरीवाल्या एका मुसलमान म्हाताऱ्यानं त्यांना पाहिलं, त्यानं रिक्षा थांबवली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. इथं साडेपाचला शेजारचा झुलाल सांगायला आला, त्याचा चेहरा बघूनच मी खाली बसले, बायका जमल्या, कोणी कांदा हुंगवतंय, कोणी सुपानं वारा घालतंय, पंखा बंद ना, सकाळपासून लाईट नव्हती, तारांचं काम चालू होतं म्हणून सहापर्यंत —

काय?

काय म्हणालात, परत म्हणा.

लाईट नव्हती तर चार्जिंग कसं.

तेरा दिवसांत किती माणसं आली असतील, मावशी? दोनशे, तीनशे? त्यात मास्तर होते, वकील होते, माझे मामेसासरे कौतिक मामा तर तलाठी होते. कोणी नाही विचारलं. वारा घालणाऱ्या बायका समोर बसून ऐकत होत्या, त्यांनी पण नाही विचारलं. तुम्ही चहा पिता पिता विचारलं.

ते तिसऱ्या दिवशी कौतिक मामांनीच विचारलं होतं मला, की त्यानं घरी फोन नाही केला का. सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, चार्जिंगला होता. मग दुसऱ्या जीपला तेच सांगावं लागलं. नि आता बघा ना, खोटं मी बोलले हे मला माहीत आहे, तरी मला दिसतं ते. आतली खोली, खिडकीतलं बटण, फोन तिथं ठेवलेला, त्याच्यावर हिरवा ठिपका. अगदी स्वच्छ दिसतं. कोर्टात शपथ घेऊन सांगेन असं दिसतं. आणि जे खरं झालं ते मला मुद्दाम ओढून आणावं लागतं, आणलं तरी थांबत नाही.

खरं म्हणजे फोन माझ्याजवळच होता. मांडीला लागून. मेथीच्या जुडीशेजारी. सकाळी आमचं भांडण झालेलं, आईंवरूनच. त्यांचं विसरणं तेव्हा सुरू झालेलं, गॅस चालू ठेवून त्या बाहेर जाऊन बसल्या होत्या, नि हे मला म्हणाले, तुझं लक्ष कुठं असतं. मी म्हटलं, तुम्ही ठेवा ना लक्ष, तुमची आई आहे. दाराशी गेले तरी बोलत होते मी. म्हटलं, दुपारी फोन करून गोड बोलू नका, उचलणार नाही. तसे ते करायचे, भांडण झालं की दुपारी फोन. मग तीन चाळीसला नाव दिसलं स्क्रीनवर. मी म्हटलं, वाजू दे. चांगला वाजू दे. मला बरं वाटत होतं, मावशी. खोटं नाही सांगत, तो वाजत होता नि मला बरं वाटत होतं. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा आई म्हणाल्या, 'फोन वाजी ऱ्हायना वं, उचल ना.' मी म्हटलं, कंपनीचा आहे आई, तुम्ही मेथी निवडा. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी तो पालथा घातला.

हे कोणालाच माहीत नाही. फक्त आईंना. आणि त्यांना माहीत आहे की नाही, हे त्यांनाच माहीत नाही. रडता रडता कधी, पंधरा दिवसांत, महिन्यात एकदा, त्या मधेच थांबतात, माझ्याकडं बघतात नि म्हणतात, फोन वाजी ऱ्हायना, तुले ऐकू नही येत का? एवढंच. आणि परत रडायला लागतात. त्या तसं म्हणाल्या ना, की तो हिरवा ठिपका जातो, नि फोन परत माझ्या मांडीजवळ येतो. मग त्यात ह्यांचा आवाज असतो, न उचललेला. त्याच्यासाठीच जाते मी चारला. रडू बघायला नाही. आणि जाताना रोज वाटतं, आज म्हणू नका आई, आज नका म्हणू. आधीच्या बाईनं एकदा ऐकलं. मला म्हणाली, कोणता फोन वो ताई? त्याच आठवड्यात मी तिला काढलं. ती गेली नाही, मी काढलं. हेमांगीताईंकडं गेल्या तर तिथं पण म्हणतील कधीतरी. हेमांगीताई वेड्या नाहीत, त्या विचारतील कोणता फोन, नि आईंना सांगता येणार नाही, नि मग त्या मला विचारतील.

म्हणून पाठवायचं नव्हतं. जीव आहे म्हणून पण, नाही असं नाही, पण हे जास्त.

पलंग वाजला ना आत? उठल्या. तुम्ही जा, मावशी. नाही, तुमच्यात खोट नाही काही, बाई म्हणून तुम्ही चांगल्या आहात, पण तुम्ही विचारता. हेमांगीताईंना मी कळवते, बाई नाही मिळाली, रविवारी घेऊन जा त्यांना. बोलल्या तिथं तर बोलू देत. घरातल्या एका तरी माणसाकडं ते खरं पोचलं पाहिजे, माझ्याकडचं तर पुसून जायच्या वाटेवरच आहे. आज गुरुवार. आज, उद्या, परवा, तीन दिवस आहेत. आज मी त्यांना दारावरचं सांगणार नाही. योगू गेला नि मी फोन उचलला नाही, असं सांगणार आहे. मारतील मला. मारू देत. आणि दिवेलागणीला मलाच विचारतील, बेटा, जेवली का तू.

मग उद्या परत पहिल्यापासून सांगावं लागेल.

आले, आई. — उठा तुम्ही. दार ओढून घ्या जाताना, त्यांना बाहेरचं कोणी दिसलं की त्या बोलत नाहीत.