दारातला कप्पा

अगं, ‘दुखेल का’ असं त्यांना विचारूच नकोस. इथे काही दुखत नाही — इथे जाणवतं. ‘थोडं जाणवेल हं’ — सिस्टर म्हणते, डॉक्टर मॅडम म्हणतात, तो रक्त काढणारासुद्धा सुई खुपसता खुपसता म्हणतो. सहा वर्षं येतेय मी, ‘दुखेल’ हा शब्द या इमारतीत एकदाही कानावर पडलेला नाही. तू मला विचार, मी सांगते. ये, अशी इकडे सरक, त्या खुर्चीचा पाय डुगडुगतो — दुरुस्त करतील तर शपथ. नवरा आलाय बरोबर? तो फॉर्म भरतोय तो, चष्मेवाला? बरा दिसतोय. माझा गाडी लावायला गेलाय. पाऊण तास झाला, गाडीच लावतोय. त्याला इथे बसवत नाही, मग खाली गाडीतच बसून राहतो, आणि मीही म्हणते, लाव बाबा सावकाश.

तर ऐक. नळ्यांची तपासणी झाली ना तुझी? पोटात पीळ पडला ना, पाळीच्या पहिल्या दिवसाच्या चौपट? बघ, लगेच मान हलवलीस. मग आययूआय, ते नवऱ्याचं वीर्य आत सोडतात ते, तुला काहीच वाटणार नाही, खरंच सांगते. बारीकशी नळी, दोन मिनिटं, चिमटा काढल्यासारखं होतं आणि मग पंधरा मिनिटं छताकडे बघत पडायचं. त्या छताला ओल आलीय, तिचा डाग आहे सशासारखा — चार वेळा बघितलाय मी तो ससा. त्यात त्रास कसला, तर तशी पाय वर करून पडलेली असताना कुणीतरी दार उघडतं आणि ‘सॉरी, सॉरी’ करत जातं, त्याचा. आयव्हीएफची तऱ्हा वेगळी. रोज पोटात इंजेक्शन, दहा-बारा दिवस. सुई केसाएवढी, तिचं काही नाही — पहिल्या दिवशी मी अर्धा तास सुई धरून बसले होते, चौथ्या दिवशी मी फोनवर बहिणीशी भांडता भांडता टोचून घेतलं. पण पोट फुगतं गं. वाकून चपलेचा पट्टा लावता येत नाही. बीजं काढतात तेव्हा भूल देतात, काही कळत नाही. जे कळायचं ते उठल्यावर कळतं, दोन दिवस पोट धरून चालायचं. गर्भ आत सोडतात ते तर अगदीच सोपं, फक्त मूत्राशय भरलेलं लागतं, दोन बाटल्या पाणी पिऊन दाबून बसायचं — आणि मॅडमना नेमका त्याच दिवशी उशीर. शेवटी मी म्हटलं, मॅडम, तुम्ही सोडताय का मी सोडू? हसल्या बिचाऱ्या. सगळ्यांत वाईट ती नंतरची तेलाची इंजेक्शनं. कमरेखाली, जाड सुई, गाठीच्या गाठी येतात, खुर्चीवर एका बाजूनं बसावं लागतं. आत्ता बघ ना कशी बसलेय.

हो, चालू आहेत अजून. गर्भ सोडल्याला आज चौदावा दिवस माझा. सकाळी नऊला रक्त दिलं, अकराला रिपोर्ट. तुझ्या घड्याळात किती? पावणेअकराच? हे भिंतीवरचं पाच मिनिटं पुढे आहे तर. शेवटचा गर्भ होता हा. म्हणजे यापुढे नाहीच, मॅडमनी स्पष्ट सांगितलंय, तुमच्या बीजांत आता जीव राहिलेला नाही. म्हणून तर माझ्या तोंडाचा पट्टा चाललाय — नाहीतर मी अशी नाहीये, अनोळखी माणसाला मी वेळसुद्धा विचारत नाही. आणि एक खूण सांगते, कुणी सांगणार नाही तुला. चांगली बातमी असली ना, की ती उंच सिस्टर काउंटरवरूनच हाक मारते, इथेच सगळ्यांसमोर सांगते, हसत. वाईट असली की म्हणते, ‘आत या, मॅडमना बोलायचंय.’ तीनदा आत गेलेय मी. त्यांच्या टेबलावर टिश्यूचा डबा असतो. तो डबा त्या हळूच माझ्याकडे सरकवतात, तेव्हाच कळतं.

ते मांडीवर काय आहे तुझ्या? इंजेक्शनंच ना? अगं मग अशी धरून काय बसलीस, ऊब लागते मांडीची. बर्फाची पिशवी आहे ना आत? बरं. घरी गेल्यावर फ्रीजच्या दारातल्या कप्प्यात ठेवायची. दारातल्या. वरच्या बर्फाच्या खणात नाही — ऐकतेयस ना? — आतल्या बाजूला मागे भिंतीला टेकूनही नाही. त्या खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘गोठवू नये’. कोण वाचतं? सिस्टर काय म्हणाली तुला? ‘एकदम थंड ठेवा’ म्हणाली ना? माझ्या वेळीही हेच. एकदम! आता एकदम म्हणजे किती, ते तिनं सांगायला नको?

नाही, आमच्याकडे झालं होतं ना तसं, म्हणून सांगते. दोन वर्षं झाली. अकरा बीजं धरली होती, अकरा! मॅडम सोनोग्राफीत मोजता मोजता खूश झाल्या होत्या. मग ते शेवटचं इंजेक्शन असतं, बीजं पिकवायचं, एकच, मिनिटाच्या हिशोबानं घ्यायचं. ते घेतलं, भूल दिली, आत जाऊन बघतात तो एकही नाही. बीजांच्या अकरा पिशव्या आणि अकराही रिकाम्या. मॅडमनी विचारलं, इंजेक्शन कुठे ठेवलं होतं? तर सासूबाईंनी फ्रीज आवरला होता आदल्या दिवशी. त्यांच्या हातून गेलं बर्फाच्या खणात. वय झालंय, होतं असं.

चांगल्या आहेत हो सासूबाई. भांडण नाही, तंटा नाही. नवऱ्यानं विचारलं तेव्हा म्हणाल्या, ‘असेल बाबा, माझ्याच हातून झालं असेल, हल्ली लक्षात राहत नाही माझ्या.’ आणि त्या दिवसापासून त्यांनी फ्रीजला हात लावला नाही. एकदाही. गार पाणी हवं असलं तरी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहायच्या — ‘सूनबाई, वेळ मिळाला की एक बाटली काढून देशील का गं?’ स्वतःच्या घरात! तो फ्रीज त्यांनीच आणलेला. मी म्हणायची, अहो आई, घ्या की. तर म्हणायच्या, नको, परत काही सांडलंलवंडलं तर. पुढे पुढे मला ते बघवेना. मीच नवऱ्याच्या मागे लागले, त्यांना जरा हवापालट होऊ दे म्हणून. गेल्या वर्षी नणंदेकडे राहायला गेल्या.

काय? त्यांना कसं कळलं नाही म्हणजे? तू फार प्रश्न विचारतेस हं. खोका ओळखीचा नव्हता त्यांना, त्यांनी उचलून… नाही. नाही उचलला. त्यांनी खालचे खण पुसले फक्त, भाजीचे. वर त्यांचा हात पोचतच नाही, खांदा धरलाय त्यांचा. मी ठेवलं होतं. झालं समाधान? एकदम थंड म्हणाली ना ती — मी एकदम थंड ठेवलं. तीन दिवस. आणि घ्यायच्या दिवशी सकाळी खोका उघडला तर आत औषधाची गोटी झालेली. माझं धाबं दणाणलं. वाटलं फोन करावा इथे. नंबरसुद्धा लावला होता गं, पहिली रिंग गेली आणि मी कट केला. म्हटलं, विचारलं तर म्हणतील फेकून द्या, आणि मग अकरा… दारातल्या कप्प्यात ठेवलं, वितळलं, पाण्यासारखं स्वच्छ दिसत होतं. तेच टोचून घेतलं. आणि मॅडमनी विचारलं तेव्हा नवरा शेजारी बसलेला, माझ्याकडे बघत होता, आणि तोंडातून निघून गेलं, ‘आईंनी फ्रीज आवरला होता.’ खोटं कुठे होतं? आवरलाच होता. पुढचं सगळं त्या दोघांनी समजून घेतलं आणि मी मूग गिळून बसले. दोन वर्षं. पुढच्या वेळी तीनच बीजं आली, त्यातून एक गर्भ झाला, तोच हा. म्हणून मी ठरवलंय, आज चांगलं निघालं ना, की पहिला फोन आईंना. बातमी सांगायची आणि लगेच हेही सांगून टाकायचं. आनंदात माणूस सगळं माफ करतं, नाही का? नातवंडाच्या बातमीपुढे एका इंजेक्शनाचं काय एवढं — तू त्या पिशवीकडे काय बघतेस?

थांब. ती उठली. उंच सिस्टर. फाइल माझीच आहे, निळी, कोपरा फाटलेली. इकडेच बघतेय. हसली का? तुला दिसलं का, हसली का ती?

…काय म्हणाली? आत या म्हणाली ना.

हो, आले सिस्टर. एक मिनिट. चप्पल — पट्टा निघालाय. नको, लावते मी.

फोन बघ, आत्ताच वाजायचा होता. आईच. सकाळपासून फोनपाशी बसून आहेत, नणंद सांगत होती, अंघोळीलासुद्धा उठल्या नाहीत. नाही उचलत. आता काय सांगू? आता द्यायला काय आहे माझ्याकडे? तू उचलतेस? सांग, आत गेलीय म्हणून — नको, दे. दे इकडे.

हॅलो आई. हो. नाही, अजून आत नाही गेले. बोलावलंय. हो, आतच बोलावलंय. नाही, रडू नका, आधी ऐका. आई, ते इंजेक्शन बर्फात मी ठेवलं होतं. ते हो, दोन वर्षांपूर्वीचं. तुम्ही नाही, मी. मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आई? आई, ऐकताय ना?

ठेवला नाहीये त्यांनी. बघ, सेकंद पळतायत, चालू आहे फोन.

आई, मी आत चाललेय. बोलू नका हवं तर. पण ठेवू नका. ठेवू नका हं, आई, मी कानालाच धरलाय.

आले सिस्टर, आले ना! आणि तू काय बघत बसलीस माझ्या तोंडाकडे? नवऱ्याला हाक मार आणि घरी जा. बर्फ वितळला असेल पिशवीतला. जा.